क्लोन केलेल्या एसएसडीवर ग्रब रेस्क्यू आलं, आता ग्रब नेमकं कुठे बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या भावाचा डेस्कटॉप अडलाय. त्यावर विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ (लिनक्स) दोन्ही आहेत. मशीन चालू होताना यातलं कोणतं उठवायचं, हे ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो. ३२० जीबीची जुनी हार्डडिस्क फार हळू झाली, म्हणून तालुक्याच्या दुकानातून ४८० जीबीचा एसएसडी घेतला. दुकानदाराने जुनी डिस्क जशीच्या तशी त्यावर क्लोन करून दिली आणि जुनीही डब्यातच जोडलेली ठेवली, स्कॅन केलेले कागद ठेवायला. काही आठवडे सगळं नीट चाललं. मग उबुंटूचं अपडेट चालू असताना लाईन गेली. तेव्हापासून काळ्या पडद्यावर 'सिम्बॉल नॉट फाउंड' आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतंय. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून ग्रब-इन्स्टॉल (ग्रब बसवायची आज्ञा) दिलं तर 'फेल्ड टु गेट कॅनॉनिकल पाथ ऑफ /काऊ' अशी चूक आली. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, भाचा म्हणतो विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूटरेक (विंडोजची बूट दुरुस्तीची आज्ञा) मारा. तिकडे पीक विम्याचे अर्ज थांबलेत. आणि दुरुस्तीनंतर विंडोज मेनूत दिसेल का, हेही शेवटी विचारलंय.

भाऊ, यातलं काहीच मारू नका. फॉरमॅटची गरजच नाही, आणि बूटरेकने फक्त पहिल्या सेक्टरमधला ग्रबचा तुकडा जाऊन विंडोजचा येईल. मग उबुंटू दिसेनासं होईल आणि तुम्ही फिरून इथेच याल. तुमची डिस्क शाबूत आहे असंच दिसतंय. ग्रबचे दोन भाग एकमेकांशी जुळेनासे झालेत, बस.

ते कसं, हे आधी समजून घ्या, कारण पुढच्या अपडेटला हाच प्रकार परत होऊ शकतो.

तुमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बायोस मोडमध्ये चालणाऱ्या मशीनवर ग्रब दोन जागी राहतो. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ खुणेसाठी. ४४६ बाइटात काय मावणार? म्हणून तो तुकडा फक्त पुढच्या मोठ्या तुकड्याला हाक मारतो. हा मोठा तुकडा, कोअर इमेज, पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बसतो. हल्ली पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, त्यामुळे जवळपास १ एमबी जागा मिळते. हा झाला एक भाग. दुसरा भाग म्हणजे मेनू, फाइल सिस्टीम ओळखणारी मॉड्यूल (ग्रबचे सुटे तुकडे) वगैरे. तो उबुंटूच्या पार्टिशनमध्ये /बूट/ग्रब या फोल्डरात असतो. कोअर इमेज जाग आली की त्या फोल्डरातून मॉड्यूल उचलते. दोन्ही एकाच आवृत्तीचे असतील तरच गाडी पुढे जाते.

आता अपडेटच्या वेळी काय झालं असणार ते बघा. उबुंटूचं ग्रब-पीसी हे पॅकेज बसताना 'ग्रब कोणत्या डिस्कवर लिहायचा' हे लक्षात ठेवतं, आणि तेही डिस्कच्या कंपनीचं नाव व सिरीयल नंबर यांच्यासकट. तुम्ही डिस्क क्लोन केली तेव्हा ही नोंदही क्लोन झाली. म्हणजे एसएसडीवरच्या उबुंटूला अजून वाटतंय की ग्रब जुन्या ३२० जीबीच्या डिस्कवर लिहायचाय. आणि ती डिस्क डब्यात जोडलेली! अपडेट आलं, नवीन मॉड्यूल एसएसडीच्या /बूट/ग्रबमध्ये गेली, नवीन कोअर इमेज मात्र इमानेइतबारे जुन्या डिस्कवर लिहिली गेली. तक्रार कशाचीच आली नाही. एसएसडीच्या सुरुवातीला कोअर इमेज जुनीच राहिली. ती नवीन मॉड्यूल उचलायला गेली, मॉड्यूलने तिच्याकडे एक फंक्शन मागितलं, ते तिच्याकडे नाही. तेच 'सिम्बॉल नॉट फाउंड'.

जुलै २०२० मध्ये बूटहोल नावाची ग्रबमधली मोठी सुरक्षा त्रुटी बुजवणारं अपडेट आलं तेव्हा जगभर लोकांची मशीनं अशीच अडली होती, तेव्हा 'ग्रब_कॅलॉक' सापडत नाही असं येत होतं. सिम्बॉलचं नाव दरवेळी वेगळं असतं, रोग तोच.

म्हणजे लाईन जाणं हे निमित्त आहे. लाईन गेली नसती तरी पुढच्या रीस्टार्टला बहुतेक हेच झालं असतं. अर्थात अर्धवट अपडेटने मॉड्यूलच अर्धी लिहिली गेली असण्याचीही शक्यता आहे, पण उपाय दोन्हीला एकच.

ग्रब रेस्क्यूवर बसून सेट प्रीफिक्स, इन्समॉड नॉर्मल वगैरे टाइप करायला सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. 'नो सच पार्टिशन' असेल, म्हणजे पार्टिशनचे नंबर हलले असतील, तर तो उपाय चालतो. तुमच्या प्रकारात इन्समॉड नॉर्मल दिलं की तीच चूक परत छापून येईल, कारण मॉड्यूल सापडत नाही असं नाहीच, सापडतंय पण जुळत नाही. त्यात वेळ घालवू नका.

आता काम. पहिली गोष्ट कीबोर्डवरची नाही. मशीन बंद करा, पिन काढा, डब्याचं झाकण उघडा आणि जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. क्लोनमुळे दोन्ही डिस्कवरच्या पार्टिशनांचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एकच झालाय. एकाच गट नंबरचे दोन सातबारे निघाल्यासारखं आहे हे. लिनक्स सुरू होताना रूट, म्हणजे आपलं मुख्य, पार्टिशन यूयूआयडीवरून शोधतं, आणि दोन सापडले तर कोणतं जोडेल याचा भरवसा नाही. आज एसएसडी, उद्या जुनी डिस्क. यातून आणखी एक भानगड निघते. गेल्या काही आठवड्यांत उबुंटूत केलेलं काम थोडं एका डिस्कवर आणि थोडं दुसरीवर असू शकतं. सिम्बॉलची चूक आली यावरून एवढं कळतं की निदान ते अपडेट चाललं तेव्हा एसएसडीच जोडलेला होता. तरीही लोकांचे कागद दोन्ही ठिकाणी तपासल्याशिवाय जुनी डिस्क पुसायची नाही.

झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची गोल बॅटरी बघून घ्या, सीआर२०३२, ३ व्होल्टची. मशीन चालू केल्यावर तारीख मागच्या दशकातली दिसत असेल, किंवा सरकारी पोर्टलवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' येत असेल, तर ती गेली समजा. ती गेली की लाईन गेल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. मग बूटचा क्रम बदलतो, कधी साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई होतो आणि विंडोज निळा पडदा दाखवतं. आपल्याकडे लाईनचा जो खेळ आहे त्यात ही बॅटरी मेलेली असेल तर ग्रब कितीही नीट बसवा, महिनाभरात फोन येतो. बॅटरी स्वस्त आहे, बदलून टाका.

आता पेनड्राइव्ह. इथे निम्मे लोक फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बूट मेनू उघडला की एकच पेनड्राइव्ह बऱ्याच बोर्डांवर दोनदा दिसतो. एकदा नुसतं कंपनीचं नाव, आणि एकदा त्याच नावापुढे 'यूईएफआय' लिहिलेलं. यूईएफआय म्हणजे बायोसच्या जागी आलेली मशीन उठवायची नवी पद्धत, तिच्यात ग्रब एका छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये बसतो. तुमचं मशीन जर बायोस मोडमध्ये बसवलेलं असेल तर नुसत्या नावाचा निवडा. यूईएफआयवाला निवडला तर पेनड्राइव्हवरचं उबुंटू यूईएफआय मोडमध्ये उठतं, आणि ग्रब-इन्स्टॉल आपण कोणत्या मोडमध्ये उठलोय यावरूनच ठरवतं की काय बसवायचं. मग ते 'कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी' म्हणतं, किंवा 'एक्स८६_६४-ईएफआय/मॉडइन्फो.एसएच डझन्ट एक्झिस्ट' म्हणतं, आणि माणूस नसलेलं ईएफआय पार्टिशन शोधत बसतो.

आपण कुठे उठलोय ते असं बघा. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना सगळं इंग्रजी लहान लिपीत, आकडेही इंग्रजी. डेव्ह म्हणजे तीन अक्षरं, एमएनटीही तीनच.

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

फोल्डर नाही असं उत्तर आलं तर बायोस मोड. फाइलींची यादी आली तर यूईएफआय. मग डिस्क कशी आहे ते:

सुडो पार्टेड -एल
एलएसबीएलके -एफ
एलएसबीएलके

पहिल्या आज्ञेत 'पार्टिशन टेबल' पुढे 'एमएसडॉस' असेल आणि एफएटी३२ चं छोटं ईएफआय पार्टिशन कुठेच नसेल, तर तुमची मांडणी जुन्या बायोसचीच आहे, माझा अंदाज तोच आहे. आकारावरून डिस्क ओळखा, नावावरून नको. पेनड्राइव्ह लावला की एसएसडी कधी एसडीए होतो, कधी एसडीबी. ४८० जीबीचा एसएसडी तिसऱ्या आज्ञेत ४४७.१ जी असा दिसेल, कारण तिथे हिशोब १०२४ चा आहे. २९८.१ जी दिसलं तर ती जुनी ३२० ची डिस्क, म्हणजे केबल काढायची राहिली. उबुंटूचं पार्टिशन म्हणजे एक्स्ट४ लिहिलेलं. समजा ते एसडीए५ आहे. तुमच्याकडे वेगळं असेल तर पुढे तसा बदल करा.

लाईन अचानक गेलेली आहे, म्हणून जोडण्याआधी तपासणी:

सुडो ई२एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए५

प्रश्न विचारले तर वाय द्या. मग खरं काम:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए५ /एमएनटी
सुडो माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --बाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --बाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो माउंट --बाइंड /रन /एमएनटी/रन
सुडो सीएचरूट /एमएनटी

या शेवटच्या आज्ञेने तुम्ही पेनड्राइव्हच्या उबुंटूतून निघून तुमच्या एसएसडीवरच्या उबुंटूत शिरता. तुमच्या /काऊच्या चुकीचं उत्तर इथेच आहे. पेनड्राइव्हवरून चालणारं उबुंटू रॅममध्ये एक तात्पुरता थर तयार करून त्यालाच आपलं रूट मानतं, त्याचं नाव /काऊ. ग्रब-इन्स्टॉलने विचारलं, /बूट/ग्रब कोणत्या डिस्कवर आहे? उत्तर मिळालं /काऊ, आणि ती कोणतीच डिस्क नाही. एसएसडी खराब झाल्याची ती खूण नव्हती, तुम्ही आज्ञा पेनड्राइव्हच्या घरात उभं राहून दिली होती, एवढंच.

/बूटसाठी वेगळं पार्टिशन केलं असेल तर तेही सीएचरूटच्या आधी /एमएनटी/बूटवर जोडायला विसरू नका. एलएसबीएलकेमध्ये एखाद्या जीबीचं दुसरं एक्स्ट४ दिसलं तर संशय घ्या.

आत शिरल्यावर अर्धवट राहिलेलं अपडेट आधी पूर्ण करा:

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

मग

ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
अपडेट-ग्रब

पहिल्या आज्ञेत एसडीए म्हणजे अख्खी डिस्क, मागे आकडा नाही. एसडीए५ दिलंत तर 'ब्लॉकलिस्ट्स आर अनरिलायबल' अशी लांबलचक ताकीद येईल आणि काम थांबेल. त्या वेळी --फोर्स लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फोर्सने बसलेला ग्रब पुढे फाइल थोडी जरी हलली की पडतो. सगळं बरोबर असेल तर 'इन्स्टॉलिंग फॉर आय३८६-पीसी प्लॅटफॉर्म' आणि पुढे 'नो एरर रिपोर्टेड' येईल. मशीन ६४ बिटचं असताना आय३८६ का, म्हणून घाबरू नका. बायोस मोडच्या ग्रबचं नावच ते आहे.

ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बूट करणारा प्रोग्राम डिस्कवर बसवतं, दुसरं फक्त मेनूची यादी लिहितं. तुमच्यासारख्या रोगावर लोक नुसतं अपडेट-ग्रब देतात, 'डन' दिसतं, आणि रीस्टार्टला परत रेस्क्यू.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडतात, तुम्ही सोडू नका:

डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी

एक-दोन प्रश्नांना नुसतं एंटर करत जा, शेवटी डिस्कांची यादी येते. इथे स्पेसबार दाबून एसएसडीपुढे खूण करायची, जुन्या डिस्कची असेल तर काढायची, पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. मग टॅबने ओकेवर जाऊन एंटर. घाईत थेट एंटर मारलं तर खूणच होत नाही आणि जुनी नोंद तशीच राहते. तुमच्या मशीनचा मूळ रोग ही नोंद आहे. ती बदलली नाही तर पुढच्या ग्रब अपडेटला तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

मग एक्झिट, रीबूट, पेनड्राइव्ह काढा.

विंडोज मेनूत दिसेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, आणि २२.०४ मध्ये तीच आवृत्ती आहे. अपडेट-ग्रब देताना 'ओएस-प्रोबर विल नॉट बी एक्झिक्युटेड' असं दिसलं तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडून त्यात मोठ्या लिपीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर, पुढे बरोबरचं चिन्ह आणि लहान लिपीत फॉल्स अशी ओळ टाका, मग पुन्हा अपडेट-ग्रब. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तेही बंद करा. ते चालू असलं की विंडोज बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि उबुंटूतून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. तसंही विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलीत. बायोमेट्रिकच्या यंत्राचा ड्रायव्हर फक्त विंडोजवर चालतो म्हणून ते ठेवावं लागतं हे मला माहीत आहे. मग निदान बाकीचं नेट उबुंटूतून वापरा.

बूट-रिपेअर नावाचं जे बटणवालं साधन आहे त्याबद्दल माझं मत: वाईट नाही, पण ते नेट मागतं, आणि गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ध्यात तुटलं तर अर्धवट काम मागे राहतं. चुकीच्या मोडमध्ये उठून 'रेकमेंडेड रिपेअर' दाबलं तर ते ग्रबचं पॅकेजच काढून दुसरं बसवायला सुचवतं. त्याचा अहवाल काढणारं बटण मात्र छान आहे, तेवढं वापरा.

पार्टेडमध्ये तुमची डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता) निघाली आणि ईएफआय पार्टिशन दिसलं, तर माझा अंदाज चुकीचा आणि रस्ता थोडा वेगळा. पेनड्राइव्ह यूईएफआयवाल्या नावाने उठवा, ते एफएटी३२ पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर जोडा, आणि आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉलला डिस्कचं नाव न देता --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय एवढं द्या. 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' आलं तर मोड चुकलाय. काही बोर्ड नवीन नोंद विसरतात, त्यांना --रिमूव्हेबल जोडावं लागतं, म्हणजे ग्रब ईएफआय/बूट फोल्डरातल्या ठरलेल्या नावाने बसतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही मशीनांवर 'शिम एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येत होतं, ते या यूईएफआयवाल्यांचं. त्यात आधी बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून उबुंटू अपडेट करायचं.

हे सगळं करताना लाईनचा भरवसा धरू नका. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंही टिकत नसेल तर इन्व्हर्टरवर मशीन घ्या, किंवा सकाळी लाईन स्थिर असते तेव्हा करा. ग्रब-इन्स्टॉल काही सेकंदांचं काम आहे, पण डीपीकेजीचं अर्धवट अपडेट वेळ घेऊ शकतं.

जुनी डिस्क आठ-पंधरा दिवस बाहेरच राहू द्या. दोन्ही सिस्टीम नीट उठतायत याची खात्री झाली की ती यूएसबी केसिंगमध्ये घालून, मशीन आधी चालू करून मग जोडा. राहिलेले कागद एसएसडीवर घ्या, आणि मग तिच्यावर नवा पार्टिशन तक्ता करून फॉरमॅट करा. तेव्हाच तिची जुनी ओळख जाते आणि ती पुन्हा डब्यात बसवायला हरकत राहत नाही.

यातूनही अडलं तर फोनने पडद्याचा फोटो काढून तीन गोष्टी पाठवा: सुडो पार्टेड -एलचं पूर्ण उत्तर, एलएसबीएलके -एफचं उत्तर, आणि ग्रब-इन्स्टॉलने जे काही म्हटलं ते शब्दन्‌शब्द. 'एरर येतोय' एवढ्यावर मला इथून काही सांगता येणार नाही.